अर्धा धवला

"बास आजी, बास. खूप छान. टाळ्या वाजवा सगळ्यांनी."

असं म्हणत संस्थेच्या मॅडमनी माझ्या आयच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या तोंडासमोरचा माइक बाजूला ओढला. मुरबाडचा हॉल. महिला सक्षमीकरण मेळावा. पुढे सोफ्यावर मुंबईचे पाहुणे, त्यांच्या मागे खुर्च्यांवर संस्थेची माणसं, आणि सगळ्यांच्या मागे सतरंजीवर, वाड्यावाड्यांतून टेम्पोत भरून आणलेल्या आमच्या बायका. टाळ्या वाजल्या. आय तशीच उभी. तोंड अर्धवट उघडं. हातात घरून आणलेल्या तांदळाची पुरचुंडी. डोक्यामागे भलामोठा बॅनर, त्यावर लिहिलेलं: चला, तिला आवाज देऊ या.

आय सगळ्या हॉलभर बघत राहिली. मग तिने विचारलं, "नवरी कुठं हाय? आणा ना तिला."

माइक फार लांब गेला नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं. हॉल फुटला हसून. सोफा हसला, खुर्च्या हसल्या. सतरंजी तेवढी हसली नाही. मॅडम हसता हसता माइकमध्ये म्हणाल्या, "किती निरागस असतात ना ही माणसं!"

मी स्टेजच्या कडेला गुच्छांचं ताट धरून उभी होते. मी त्याच संस्थेची पगारी कार्यकर्ती. त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही, आणि ते विझावं असं मला वाटतही नाही.

माझी आय धवलारीण आहे. आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. धवलारीण मांडवात उभी राहते आणि धवला म्हणते. त्याला गाणं म्हणायचं तर म्हणा, पण ते ऐकायचं गाणं नाही. त्यात एकेक देवाला नावाने हाक असते. गावदेव, वाघदेव, पाण्यातल्या आसरा, शेवटी कणसरी, म्हणजे आमची धान्याची आई. ते सगळे आले की त्यांच्यासमोर नवरा-नवरीची गाठ पडते आणि मग देवांना परत पाठवतात. मध्ये थांबायचं नाही. अर्धवट सोडायचं तर मुळीच नाही. बोलावलेला देव दारात ताटकळत ठेवला तर तो ज्याच्या दारात उभा त्याला धार्जिणा राहत नाही, अशी आमची समजूत आहे. तुम्हाला खोटी वाटेल. वाटू दे.

मॅडम स्वतः जीपने वाडीवर आल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "आजी, रविवारी मुरबाडला धवला म्हणायला या. गाडी पाठवते." मी तेव्हा दुसऱ्या पाड्यावर होते. आता, मयत नसताना कुणी खांदा द्यायला बोलावतं का? मग लग्न नसताना धवल्याला कोण बोलावेल? आय धरून चालली की लग्न आहे. संस्था मेळाव्यात सामुदायिक लग्नंही लावते, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आयने लुगडं धुतलं. सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नाही, कारण धवला पुरा होईपर्यंत ती घेत नाही. तांदूळ घेतले, हळद घेतली. जीपमध्ये ती पोरीसारखी खुश होती. म्हणाली, "मुरबाडच्या लोकांनी बोलावला गो मला. येवढ्या लांबून."

हॉलमध्ये पोचल्यावर तिला कळेना की मांडव का नाही. तिला वाटलं, शहराकडे हॉललाच मांडव म्हणत असतील. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. गावदेव झाला, वाघदेव झाला, आसरा झाल्या. कणसरीचं नाव घ्यायला तिने श्वास घेतला आणि खांद्यावर हात पडला.

तो हात मला अजून दिसतो. गोरा, गुबगुबीत, नखं नीट कापलेली. मारल्यासारखा नव्हताच तो. मायेने ठेवलेला होता. त्याचीच जास्त चीड येते.

आता रंगाचं निघालंच आहे तर सांगते. मी काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. आमची सगळी वाडीच तशी. भातसानगरच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला आमची घरं, आणि जन्मभर उन्हातलं काम. वाडीत असेपर्यंत मला ठाऊकसुद्धा नव्हतं की हा रंग आहे. आश्रमशाळेत गेले तेव्हा कळलं. झेंडावंदनाचा फोटो काढायचा होता. गुरुजींनी मला दंडाला धरून मागच्या ओळीत नेलं आणि म्हणाले, "तू मागं रहा. पुढं आलीस की फोटो काळा येतो." मग बारावी होईपर्यंत मी मागेच राहिले. कुणी न सांगता.

बारावीनंतर संस्थेत मुलाखतीला गेले. शहापूरला एस.टी. स्टँडजवळ ऑफिस. मॅडमनी माझा निकाल बघितलाच नाही. मलाच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगदी अस्सल चेहरा आहे. तुझा रंग हेच तुझं भांडवल, लक्षात ठेव." मला नोकरी लागली. पुढच्या आठवड्यात फोटो काढायला माणूस आला. मी कधी नव्हे ती पावडर लावून गेले होते. त्याने मॅडमकडे बघून हाक मारली, "हिची पावडर पुसा आधी." एकीने ओला रुमाल आणून माझं तोंड पुसलं. लहान मुलाचं पुसतात तसं. पायातल्या चपला काढायला लावल्या. डोक्यावर लाकडाची मोळी दिली. मी म्हटलं, मी कार्यकर्ती आहे, मोळी कशाला? तो म्हणाला, "ताई, फोटोला पाहिजे."

म्हणजे शाळेत रंगामुळे मागे, इथे रंगामुळे पुढे. माझं मला कुणी विचारलं नाही, तिथेही आणि इथेही.

तो फोटो संस्थेच्या पुस्तकावर आला. किन्हवलीच्या रस्त्याला मोठ्या फलकावरही लागला. खाली लिहिलेलं: "मी आता घाबरत नाही." हे मी कधी म्हटलं नव्हतं. ते मॅडमनी लिहिलं होतं. आणि मी तर घाबरत होते. मॅडमना घाबरत होते, पगाराला घाबरत होते, पाहुणे आले की इंग्रजीला घाबरत होते. कल्याणच्या दोन मुली माझ्याबरोबरच लागल्या, त्याच कामाला. त्या खुर्चीवर बसायच्या. मला मॅडम म्हणायच्या, "तू बायकांमध्ये बस, त्यांना आपलं वाटतं." एकदा एका पाहुणीने मला बघून त्यांना विचारलं, "ही कुठली लाभार्थी?" मॅडमनी तिला दुरुस्त केलं नाही. नुसत्या हसल्या.

तरी मी काम मनापासून केलं, हे छातीठोक सांगते. बाईला दाखला मिळत नसेल तर तहसीलला तिच्यासोबत मी. बाळंतिणीला दवाखान्यात कुणी दम दिला तर तिथे मी. नवऱ्याने डोकं फोडलं तर चौकीत तिच्याशेजारी मी. वाडीत संस्थेने एक खोली बांधली होती, महिला केंद्र म्हणून. आमच्या खळ्याच्या जागेवर, आमच्याच बायकांनी माती वाहून. तिथे शिवणाची मशिनं होती. बायका तिथे माझ्याकडे यायच्या आणि बोलायच्या. मला वाटायचं, चालू दे मॅडमचं फोटोबिटो, काम तर होतंय. मुरबाडच्या त्या दिवसापर्यंत वाटायचं.

जीपने परत येताना आय तांदळाची पुरचुंडी मांडीवर धरून बसली. जेवणाचं पाकीट दिलं होतं, ते तिने उघडलं नाही. वाडीवर उतरली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "कणसरीचं नाव ऱ्हायलं."

मी म्हटलं, "आय, तो कार्यक्रम व्हता. लग्न नव्हताच."

"देवाला काय माहीत, कार्यक्रम का काय ते? मी हाक मारली, ते आलं. आन मी त्यांना तसंच उभं ठेवलं."

टेम्पोतून परतलेल्या बायकांनी झाला प्रकार सगळीकडे सांगितलाच होता. आमच्या वाडीत कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. आयकडे आलेली लग्नाची एक सुपारी परत गेली. लग्न ठरलेलं घर मुरबाडच्या बाजूची दुसरी धवलारीण शोधू लागलं. दोष कुणी दिला नाही, पण आयच्या तोंडचा धवला उष्टा झाला, असं सगळ्यांच्या मनात बसलं. आयच्या स्वतःच्या मनात तर पहिलं.

आता माझी आय कोण होती ते ऐका, म्हणजे काय गेलं ते कळेल. माझा बाप मेला तेव्हा मी लहान होते. आमच्या वाडीत विधवा म्हणून कुणी तिला मांडवातून उठवलं नाही. ती उभी राहिली की गावचा पोलीस पाटीलसुद्धा खाली बसायचा. दारू पिऊन आलेल्या नवरदेवाच्या बापाला ती मांडवाबाहेर काढायची आणि तो निमूट जायचा. ती म्हणेल तेव्हा गाठ, ती थांबेल तोवर सगळे थांबलेले. तिला कुणी सक्षम केलं नव्हतं. कुणी आवाज दिला नव्हता. तिच्याकडे होताच. आवाज देणाऱ्यांनी तो टाळ्या वाजवून मध्येच तोडला, आणि ती घरात बसली. जात्यावर बसताना गुणगुणायची, तेही बंद झालं.

शेजारची जनी एक दिवस आली. जनीचं लग्न ठरलं होतं. तिच्या बापाने दुसऱ्या धवलारणीला सांगावा धाडला होता. जनी केंद्रात शिवण शिकायला यायची, फारसं बोलायची नाही. ती आयसमोर बसली आणि म्हणाली, "काकी, तो अर्धा ऱ्हायलेला धवला माझ्यावर पुरा कर."

आय दचकली. "येडी हायस का? उष्टा धवला नवरीच्या अंगावर? पुढं तुझं काय बरंवाईट झालं तर?"

"झालं तर झालं. देवांना नवरी पायजे ना? मी बसते. पन मधी थांबायचं नाय."

जनीच्या बापाने आरडाओरडा केला. म्हातारे बसले, बोलले. शेवटी आयनेच अट घातली: आधी देवाची माफी, मग जिथे तुटला तिथून पुढे, आणि या वेळी आभाळ कोसळलं तरी तोडायचा नाही. पुन्हा तुटला तर ती आयुष्यात तोंड उघडणार नव्हती, आणि जनीच्या संसारावर जन्मभर बोट राहणार होतं. एवढं त्या पोरीने आपल्या अंगावर घेतलं होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसात मीटिंग झाली. पैसे देणारे नवे पाहुणे येणार होते. चहा पिता पिता मॅडमनी मुरबाडचा किस्सा सांगितला, आयची नक्कल करून. "नवरी कुठं हाय? आणा ना तिला!" कल्याणच्या मुली हसल्या. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुझ्या आईला सांग, या वेळीही अगदी तसंच करायचं. शेवटी तो प्रश्न विचारायचाच. पाहुण्यांना फार आवडतं ते."

त्यांना कुणीतरी जनीच्या लग्नाची खबर दिली होती. त्या खुशीत होत्या. "मग तर उत्तमच. या खेपेला खरी नवरीही आहे. केंद्र दाखवू, तिथूनच मांडवात नेऊ. दोन मिनिटं शूट करू."

मी म्हटलं, "नाय."

आजवर त्या ऑफिसात मी 'नाही' असं शुद्ध बोलायचे. त्या दिवशी तोंडातून घरचं आलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माझी आय तमाशा करणार नाय. आन लग्नात कुणी यायचं नाय."

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुला कुणी उभं केलं, ते विसरू नकोस. आम्ही नसतो तर आज वीटभट्टीवर असतीस."

वीटभट्टीवर माझी मावशी आहे, माझ्या मैत्रिणी आहेत. त्यांची कधी कुणी नक्कल करून चहा प्यायला नाही, एवढंच माझ्या मनात आलं. मी ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "आजींशी मी बोलेन. त्या मला नाही म्हणणार नाहीत."

लग्नाच्या दिवशी त्या आल्याच. दोन गाड्या. वाडीच्या कच्च्या रस्त्यावर धूळ उठली तेव्हा आय मांडवात उभी राहिलेली होती. जनी पाटावर, अंगाला हळद. आयने हात जोडून देवाची माफी मागायला घेतली होती. तिचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. ती पुन्हा पुन्हा अडखळत होती.

मी मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

मॅडम, चार पाहुणे, कॅमेरावाला. मी हळू आवाजात म्हटलं, "बसायचं आसंल तर चपला काढून खाली बसा. बोलायचं नाय, मधी उठायचं नाय. कॅमेरा बंद."

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"दोन मिनटांत व्हत नाय हे."

पाहुण्यांमधली एक वयस्कर बाई खरंच चपला काढू लागली. मॅडमनी तिला थांबवलं, "अहो तिथे नका बसू, शेणाने सारवलंय." मग माझ्या बाजूने वाट काढून त्या सरळ मांडवात शिरल्या. सवयीने. आमच्या घरात शिरताना त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. हसऱ्या तोंडाने म्हणाल्या, "आजी, एक मिनिट थांबा हं. कॅमेरा लावू दे. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणा."

आणि हात उचलला. तोच हात. आयच्या खांद्याकडे.

आयने तो बघितला. तिचा आवाज तुटायला आला. मला जनीचे डोळे दिसले. पाटावरून ती हलली नाही, फक्त माझ्याकडे बघत होती.

मी मॅडमचं मनगट धरलं.

जोराने धरलं. मोळ्या वाहिलेला हात आहे माझा, फोटोपुरता नाही. त्या कुजबुजल्या, "सोड. काय करतेस? सोड मला." मी सोडलं नाही. माझा काळा हात आणि त्यांचा गोरा हात, दोन्ही सगळ्या वाडीसमोर. कॅमेरावाला बघत राहिला. पाहुणे बघत राहिले. मी आयला म्हटलं, "आय, पुढं म्हन."

आयने डोळे मिटले. तिने कणसरीचं नाव घेतलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. गाठ पडली. देवांना एकेक करून निरोप दिला. तोवर मी ते मनगट धरून होते, आणि मॅडम मुकाट उभ्या होत्या, कारण ओढाओढ केली असती तर पाहुण्यांसमोर शोभा झाली असती. धवला संपला तेव्हा मी हात सोडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्यात वाजवत नाहीत.

याचा शेवट गोड झाला असं समजू नका. पुढच्या आठवड्यात संस्थेचा टेम्पो आला आणि केंद्रातली मशिनं घेऊन गेला. खोलीला कुलूप लागलं. शिवण शिकणाऱ्या काही बायका माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, "तुझा राग झाला, आमचा धंदा गेला." त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. मी आसनगावला गोदामात पॅकिंग करते. सुट्टीच्या दिवशी बायकांबरोबर तहसीलला जाते, दवाखान्यात जाते, चौकीत जाते. त्यासाठी कुणाचं ओळखपत्र लागत नाही. आमच्या खळ्यावरची ती खोली आमची आहे, हे आम्ही काही जणींनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. पुन्हा सांगणार आहोत. कुलूप निघेपर्यंत सांगणार आहोत.

आय आता लग्नाला जाते, पण पूर्वीसारखी नाही. कणसरीचं नाव जवळ आलं की तिचा डावा खांदा आपोआप आक्रसतो. तिला ते कळतही नाही. मला कळतं. म्हणून जिथे ती उभी राहते तिथे मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहते.

किन्हवलीच्या रस्त्यावर माझा फोटो अजून आहे. उन्हाने रंग उडालाय, मी पांढरट पडत चाललेय. मला माझं तोंड परत पाहिजे, जसं आहे तसं काळं, आणि ते मी कुणाकडे मागणार नाही, घेईन. आमच्या भल्यासाठी म्हणून पुन्हा कुणी वाडीत येईल, हसतमुखाने येईल, मायेने हात पुढे करेल. तो हात मी धरीन. आणि आमचं पुरं म्हणून होईपर्यंत सोडणार नाही.